दोनशे चाळीस दोर

पोथोसने दोराचं टोक माझ्या हातातून काढून घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि मग गालाला लावून पाहिलं.

"ओला आहे," तो म्हणाला.

"दव पडलंय, आजोबा. सगळंच ओलं आहे."

"सगळं असू दे. दोर नको."

माझ्या मागे मेलितोनकाका दगडावर बसून चीज खात होते. ते प्रांताचे मुख्य मोजणीदार होते आणि मी त्यांचा मदतनीस. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "अरे बाबा, ओला दोर आखडतो. आखडलेल्या दोराने मोजलं की दोर जास्त भरतात. तुझी जमीन आहे त्यापेक्षा मोठी दिसेल. फुकटचा फायदा आहे, घे की."

"बाबा, ते बरोबर बोलतायत," पोथोसचा मुलगा कोस्मास हळूच म्हणाला. दांडगा, दाट दाढीचा माणूस, पण बापापुढे त्याचा आवाज निम्मा व्हायचा.

"बरोबरच बोलतायत. म्हणून तर नको." पोथोसने दोर खांद्यावर टाकला आणि तो उन्हाकडे निघाला. "उद्या कुणी म्हणायला नको की पोथोसने दवावर जमीन वाढवून घेतली."

दुपारपर्यंत दोर एका खडकावर वाळत पडला होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो होतो. मेलितोनकाकांनी दोन वेळा जांभई दिली आणि एकदा विचारलं, की गावात सगळेच असे आहेत की हा एकटाच. कोस्मास म्हणाला, "एकच आहे. पण सगळ्यांना पुरतो." मग पोथोसने दोराच्या दोन्ही टोकांचे शिशाचे शिक्के तपासले, स्वतःचे दोन्ही हात पसरून दहा वाव मोजून लांबी पडताळली आणि मान हलवली. तेव्हा कुठे मोजणी सुरू झाली.

या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि शहरातल्या शाळेतून भूमिती शिकून नुकताच सेनापतींच्या कचेरीत लागलो होतो. आमच्याकडे प्रांताची फौज, न्याय आणि कारभार एकाच माणसाच्या हातात असतो. तो सेनापती. कॉन्स्टँटिनोपलहून सम्राट त्याला नेमतो आणि दोन-तीन वर्षांत परत बोलावतो, म्हणजे कुठेच त्याची मुळं रुजू नयेत. त्या वर्षी युस्तातिओस आमचे सेनापती होते.

त्या उन्हाळ्यात पूर्वेच्या सरहद्दीवरचा एक किल्ला पडला होता. तिथली तीस सैनिकांची कुटुंबं आपले घोडे, पोरं, म्हातारी माणसं घेऊन मेआंद्र नदीच्या वरच्या अंगाला, आमच्या किल्ल्याच्या पायथ्याशी येऊन थांबली होती. सैनिकाला जमीन द्यायची, त्या जमिनीवर त्याने घोडा आणि हत्यार पोसायचं, हा आमचा कायदा. किल्ल्याजवळ घोड्यांना पुरेल अशी एकच जागा होती, प्रिनारी गावाचं पठार. सव्वीस घरांचं गाव. हुकूम आला: पठार सैनिकांना द्यावं आणि गावाला तेवढीच जमीन दुसरीकडे द्यावी. दुसरीकडे म्हणजे स्तेनीच्या दरीत. दरी कुणाच्याच मालकीची नव्हती, तिच्यात नुसती झुडपं माजली होती.

पठार मोजायला एक दिवस लागला. चारी बाजू जवळजवळ सारख्या निघाल्या, प्रत्येकी साठ दोर. एकूण दोनशे चाळीस. पोथोस प्रत्येक दोराला स्वतः वाकून खुंटी बघत होता. संध्याकाळी त्याने आकडा मोठ्याने म्हणून दाखवला आणि गावातल्या सगळ्यांनी तो पुन्हा म्हटला. लिहिता कुणालाच येत नव्हतं, म्हणून सव्वीस घरांनी तो पाठ केला.

दरीला दोन दिवस लागले. झुडपांत दोर अडकायचा, माणूस खाली घसरायचा, काटे ओरबाडायचे. दरी नदीसारखीच लांब आणि अरुंद होती. मेलितोनकाकांनी खालची हद्द धरली, दोन्ही कडांनी वर नेली आणि दोनशे चाळिसावा दोर जिथे संपेल असा हिशेब करून वरची हद्द ठरवली. दोन लांब बाजू एकशे दहा दोर. दोन आखूड बाजू दहा.

"दोनशे चाळीस!" कोस्मास ओरडला. खालून गावकऱ्यांनी तोच आकडा परत ओरडून दिला.

पोथोस काठीवर रेलून उभा होता. त्याचे पाय थरथरत होते. "पठाराला फेरी घालताना एवढा दमलो नव्हतो," तो म्हणाला. "पाय म्हणतात, ही मोठी आहे."

"मग झालं तर," मेलितोनकाका म्हणाले.

जमीन मोजायची आमच्या प्रांतातली रीत अशी, की सभोवार दोर फिरवायचा, जेवढे दोर भरले त्याचे चार भाग करायचे आणि एका भागाला त्याच भागाने गुणायचं. पठार साठ गुणिले साठ, दरीही साठ गुणिले साठ. सारखी. दुसऱ्या दिवशी दुपारी तंबूत मी हे कागदावर लिहीत होतो आणि माझा हात थांबला.

समोर जेवणाच्या वाडग्यात उकडलेले हरभरे होते. मी कागदांची गुंडाळी बांधायची सुतळी काढली, दोन्ही टोकं गाठ मारून जोडली आणि तिचा चौकोन करून पाटावर ठेवला. आत हरभरे एकाला एक लावून भरले. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ. एक्याऐंशी. मग तीच सुतळी ओढून लांब पट्टा केला. त्यात दोनच ओळी मावल्या, सोळा-सोळांच्या. बत्तीस.

"खायचे आहेत की मोजायचे?" मेलितोनकाकांनी विचारलं.

मी दाखवलं. ते बराच वेळ पाटाकडे बघत राहिले. मग त्यांनी पट्ट्यातला एक हरभरा उचलून तोंडात टाकला.

"आता एकतीस," ते म्हणाले.

"काका, दरी पठाराएवढी नाही. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नाही."

"दोर सारखा आहे."

"दोर सारखा आहे. आतली जमीन नाही."

"हे बघ तारासिओस, माझा बाप मोजणीदार होता, त्याचा बाप मोजणीदार होता. हीच रीत."

"रीत चुकीची असेल तर?"

"रीत चुकीची नसते. फार तर जमीन चुकीची असते." ते हसले, पण मी हसलो नाही हे बघून त्यांचा चेहरा उतरला. "मला कळत नाही असं वाटतं तुला? चाळीस वर्षं दोर ओढतोय मी. लांब पट्टा असला की शेतकरी रडतो, हे मला हरभऱ्यांशिवाय कळतं. पण आज या एका दरीला तू चूक म्हणालास, तर या प्रांतातल्या प्रत्येक शेतावर लोक उभे राहतील, म्हणतील पुन्हा मोजा. कोण मोजणार? तू?"

मी पाट तसाच उचलला, हरभऱ्यांसकट, आणि सेनापतींकडे गेलो.

युस्तातिओस वाईट माणूस नव्हते. हे मी आजही लिहितो. पन्नाशीचे, सतत खोकणारे, शालीत मान खुपसून बसणारे. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही. शेवटी बोटाने एक हरभरा ओळीतून बाहेर काढला, पुन्हा आत सरकवला.

"म्हणजे चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

"कुणाचीच नाही, सरकार. रीतच तशी आहे."

"हे फार वाईट. एखादा चोर असता तर त्याला शिक्षा करून मोकळा झालो असतो." ते उठून खिडकीशी गेले. खाली तंबू दिसत होते. "काल तिथे दुसरं तान्हं मूल गेलं. थंडीनं. पंधरा दिवसांत बर्फ पडेल. तीस घरं कापडाखाली आहेत. आणि हुकुमात काय लिहिलंय, माहीत आहे? 'दोराने मोजून तेवढीच.' दोराने. हरभऱ्याने नाही."

"हुकूम बदलून मागवता येईल."

"येईल. उन्हाळ्यापर्यंत उत्तर येईल." ते माझ्याकडे वळले. "ऐक. दरीच्या वर ओकचं रान आहे. ते माझ्या अधिकारात आहे. वसंतात मी ते प्रिनारीच्या लोकांना तोडायला देतो. त्यांचं माप भरेल, कदाचित जास्तही भरेल. फक्त आत्ता, बर्फाच्या आधी, त्यांनी शपथ घ्यायला हवी. शपथ झाली नाही तर मला स्वार पाठवून गाव रिकामं करावं लागेल. मग त्यांना दरीही मिळणार नाही."

"हे लिहून द्याल, सरकार?"

ते मोठ्याने हसले आणि मग खोकले. "लिहून दिलं तर आजचं माप खोटं होतं, याचा पुरावा मीच दिला असं होईल. शब्द देतो. माझा शब्द तुला पुरत नाही का?"

पुरला. मी बावीस वर्षांचा होतो, आणि प्रांताचा सेनापती मला शब्द देत होता.

"कुणी विचारलं तर सांग, दोर सारखा भरला," ते म्हणाले. "यात खोटं काही नाही."

शपथेची आमच्याकडची पद्धत अशी आहे. गावातला सर्वांत विश्वासाचा माणूस अनवाणी उभा राहतो. पाद्रीबाबा शुभवर्तमानाचं जड पुस्तक त्याच्या मानेवर ठेवतात. ते पुस्तक घेऊन तो नव्या जमिनीच्या शिवेवरून चालतो. पुस्तक खाली टेकवायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. फेरी पूर्ण झाली की तो ओरडून सांगतो: दिलेली आणि घेतलेली सारखी आहे. मग ती जमीन पुन्हा मोजायची नाही. त्याच्या शब्दाविरुद्ध कोणताही न्यायाधीश खटला ऐकत नाही.

प्रिनारीत असा माणूस कोण, हे कुणी विचारलंही नाही.

सकाळी दरीच्या तोंडाशी सगळं गाव जमलं होतं. बायकांनी पोरांना शालींत गुंडाळलं होतं. खालच्या मैदानात सेनापतींचे स्वार उभे होते, घोड्यांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. कोस्मासची बायको थेक्ला सासऱ्याच्या पायांतली पायताणं काढत होती.

"गार दगड आहेत, मामंजी. सावकाश चाला."

"सावकाशच चालणार आहे. पळायला काय लग्नाला जायचंय?"

लोक हसले. मग पोथोसने मला बोटाने बोलावलं. आम्ही दोघं दहा-पंधरा पावलं बाजूला गेलो, एका झुडपाआड.

"तू त्या दिवशी दोर वाळू दिलास," तो म्हणाला. "तुझा साहेब तयार नव्हता. म्हणून तुला विचारतो. मला शिक्का कळतो, दोर कळतो, पाय कळतात. ते सगळे सारखं म्हणतात. पण डोळा काहीतरी दुसरंच सांगतोय. पठारावर उभं राहिलं की गाय दूर ठिपक्याएवढी दिसायची. इथे पलीकडच्या कडेवरची गाय ओळखू येते. डोळा म्हातारा झालाय, त्याचं काही खरं नाही. पण तू शिकलेला आहेस. सांग, सारखी आहे?"

"दोर सारखाच भरला, आजोबा."

"दोराचं नाही विचारत. जमिनीचं विचारतोय. तुझ्या स्वतःच्या आजोबाला सांगशील तसं सांग."

मी खाली मैदानाकडे बघितलं. मग त्याच्या पायांकडे. पाय निळे पडायला लागले होते. वसंताला चार महिने होते.

"हो," मी म्हणालो. "सारखी आहे."



"बरं," तो म्हणाला आणि परत गेला.

पाद्रीबाबांनी पुस्तक त्याच्या मानेवर ठेवलं. तो वाकला, पण त्याने लगेच पाय रोवले. क्रूस घेऊन एक माणूस पुढे चालला, मागे पोथोस, त्याच्या मागे आम्ही सगळे. फेरीला दुपार झाली. वरच्या हद्दीशी त्याच्या टाचेतून रक्त येऊ लागलं आणि कोस्मास त्याला आधार द्यायला गेला, तर तो गुरगुरला, "दूर हो." एका जागी तो थांबला. आम्हाला वाटलं, आता पडणार. पण तो फक्त डावीकडे बघत होता, पलीकडच्या कडेकडे. मग पुन्हा चालू लागला.

परत दरीच्या तोंडाशी आल्यावर त्याने मान वर केली. पुस्तक अजून मानेवर होतं.

"दिलेली आणि घेतलेली सारखी आहे!" तो ओरडला. आवाज कडांवर आपटून परत आला.

मेलितोनकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. स्वार किल्ल्याकडे वळले. आठ दिवसांत प्रिनारीची सव्वीस घरं दरीत उतरली आणि दहाव्या दिवशी बर्फ पडला. सैनिकांची पोरं तोवर प्रिनारीच्या घरांत, प्रिनारीच्या चुलींशी बसली होती. त्या हिवाळ्यात त्यांच्यातलं एकही मूल दगावलं नाही. हेही लिहिलं पाहिजे.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात युस्तातिओसना राजधानीतून बोलावणं आलं. दोन दिवसांत ते निघून गेले. जाताना ते माझ्याकडे आले नाहीत, मीही गेलो नाही. मला वाटत होतं की त्यांनी नव्या सेनापतींना ओकच्या रानाचं सांगितलं असेल. नवे सेनापती आले तेव्हा मी पाट आणि सुतळी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी मधेच विचारलं, "शपथ झालीय ना?"

"झालीय, सरकार."

"पुस्तक मानेवर ठेवून?"

"हो."

"मग तू काय म्हणतोयस? त्या म्हाताऱ्याने देवाच्या पुस्तकाखाली खोटं सांगितलं?"

मी पाट उचलून बाहेर आलो. मला समुद्राकडच्या जिल्ह्यात मोजणीला पाठवण्यात आलं.

शरदात मी स्तेनीला गेलो. निमित्त होतं पहाऱ्याच्या चौकीची जागा बघण्याचं. दरीतली झुडपं तोडता तोडता वर्ष गेलं होतं आणि गावाची पहिली खरी पेरणी नुकतीच झाली होती. काळीभोर नांगरलेली माती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दिसत होती. एक अंगुळ जागा त्यांनी सोडली नव्हती. घरांच्या भिंतींना लागूनसुद्धा नांगर फिरवलेला होता.

आणि प्रत्येक घराच्या पडवीत बियाण्याची पोती उभी होती. पेरून उरलेली. पठाराला जेवढं बी लागायचं तेवढं त्यांनी बाजूला ठेवलं होतं आणि दरीत त्यातलं तिसऱ्या हिश्श्याइतकंही लागलं नव्हतं. ती पोती बघितल्यावर मला कुणाला काही विचारावं लागलं नाही. एका पडवीत एक म्हातारी त्याच पोत्यातलं धान्य जात्यात ओतत होती. कडेला एक माणूस गाडी भरत होता. त्याने सांगितलं की तो पाचवा. चार घरं आधीच गेली, शहराकडे.

गावाने दगडांचं एक छोटं चर्च उभारलं होतं. पोथोस त्याच्या दाराबाहेर, भिंतीला टेकून बसला होता. आत प्रार्थना चालू होती.

"आत नाही गेलात?" मी विचारलं.

"मला बंदी आहे." त्याने मला ओळखलं होतं, पण मान वळवली नाही. "खोटी शपथ घेणाऱ्याला प्रसाद मिळत नाही. पाद्रीबाबांचा काही दोष नाही, कायदाच आहे. बस."

मी त्याच्याशेजारी बसलो. मी वाटेत सगळं ठरवून आलो होतो. "आजोबा, मला माहीत होतं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं."

मला वाटलं, त्याला ऐकू आलं नसेल.

"तू 'हो' म्हणालास तेव्हा तुझे कान लाल झाले होते," तो म्हणाला. "थंडीने कान टोकाला लाल होतात. तुझे मुळापासून झाले."

"मग पुस्तक का उचललंत?"

"खाली घोडे होते. मी मोजले, चाळीस. मला दोर कळत नसेल, घोडे मोजता येतात." तो खोकला. "शपथ घेतली नसती तर ते वर आले असते. कोस्मास पुढे झाला असता. त्याच्या मागे अजून आठ-दहा जण."

"मग मला विचारलंत कशाला?"

 आत लोक गात होते.

"वाटलं, तू नाही म्हणशील," तो म्हणाला. "एवढंच. एका शिकलेल्या माणसाने नाही म्हटलं असतं तर मी पुस्तक उचललं नसतं. मग काय झालं असतं, ते देव जाणे. तू माणसाशी खोटं बोललास. मी पुस्तकाशी बोललो. तुझं हलकं आहे."

 मी म्हणालो, "मी आत जातो. सगळ्यांसमोर सांगतो. सेनापतींना माहीत होतं, मला माहीत होतं, मेलितोनकाकांना माहीत होतं. तुमच्यावरची बंदी उठेल."

त्याने माझं मनगट धरलं. हाडांचीच पकड, पण घट्ट.

"वेडा आहेस का? आत कोस्मास आहे. आज त्याला वाटतंय, त्याच्या बापाचा डोळा चुकला, बाप म्हातारचळला. उद्या त्याला कळलं की किल्ल्यावर सगळ्यांना माहीत होतं, तर तो रात्रीची वाट नाही बघायचा. पठारावर तीस सैनिक आहेत, हत्यारं आहेत. तो जाईल, त्याच्याबरोबर दहा जण जातील. एकही परत येणार नाही." त्याने मनगट सोडलं. "माझ्यावर थुंकून कुणी मरत नाही. थुंकू दे."

"पण तुम्ही..."

"मला काय? मेल्यावर कुंपणाबाहेर पुरतील. पुरू देत. आत जागा कमीच आहे." तो स्वतःच्या विनोदावर किंचित हसला. मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मला एकच सांग. खरं किती होतं? तुला मोजता येतं ना?"

"छत्तीसातले अकरा," मी म्हणालो. "पठार छत्तीस धरलं तर ही अकरा."

"अकरा." त्याने समोरच्या काळ्या पट्ट्याकडे बघितलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. "मला बारा वाटलं होतं. म्हणजे डोळा अजून बरा आहे."

पुढच्या उपवासकाळात तो गेला, हे मला नंतर कळलं. कुठे पुरलं हे मी विचारलं नाही. कोस्मास त्याच दरीत राहिला. गेल्या वर्षी, साठी उलटल्यावर, तापाने, आपल्या अंथरुणावर वारला. त्याची बातमी आली तेव्हाच मी हे लिहायला घेतलं.

त्या दिवशी चर्चमधून लोक बाहेर पडायला लागले. बहुतेक जण पोथोसला वळसा घालून गेले. एका बाईने तिच्या मुलाला दुसऱ्या बाजूला ओढलं. कोस्मास आला, त्याने मला ओळखून मान हलवली, बापाकडे बघितलं नाही. मागून थेक्ला आली. तिच्या हातात भाकरी होती. ती तिने सासऱ्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली, हातात दिली नाही.

"मोजणीदार, यांच्याशी काय बोलताय?" ती मला म्हणाली. "तुम्ही दूर गेला होता, तुम्हाला कळलं नसेल. यांनी देवाचं पुस्तक मानेवर घेऊन खोटं सांगितलं. आम्हाला बुडवलं यांनी."

कोस्मास चार पावलांवर थांबला होता. पोथोसने भाकरी उचलली, तिच्यावरची माती फुंकली आणि माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणालो. "ऐकलंय."